बोक्याला गालगुंड!

दिवाळी अंकात काय असावे याचा एक रिवाज ठरून गेला आहे. चार कथा हव्यात, वर्षाचे भविष्य हवे, अनारशाचे पीठ का सुटते यावर कोणा सुगरणीचे दोन शब्द हवेत. अशा पंगतीत मांजराच्या गळवावर लिहिणारी बाई पाट मांडून बसली, म्हणजे काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडायच्याच. पण या सदराचा नियम आपल्याला ठाऊक आहे. ज्या प्रश्नाला उशीर झालेला चालत नाही, तो आधी. पापड आठ दिवसांनी लाटले तरी चालतात. हा प्रश्न तसा नव्हे.

पत्र सावनेरचे आहे. सावनेर म्हणजे नागपूरहून छिंदवाड्याकडे जाताना लागणारे, कोलार नदीकाठचे तालुक्याचे गाव. राम गणेश गडकऱ्यांनी 23 जानेवारी 1919 रोजी जिथे डोळे मिटले ते हेच. (हल्लीच्या मुलांना ते कापसाच्या जिनिंगमुळे आणि कोळशाच्या खाणींमुळे माहीत असते, गडकऱ्यांचे नाव सांगावे लागते. असो.) तिथल्या एका भगिनीच्या घरचा बोका तीन दिवस बाहेर होता. परत आला तो एक गाल लिंबाएवढा फुगवून, मान वाकडी करून. दुधाला तोंड लावीना, पलंगाखालून हलेना. सासूबाईंनी पाहताक्षणी निदान केले, "याला गालगुंड झालं!" आणि हळद-चुन्याचा लेप कालवायला घेतला. शेजारच्या काकूंनी जंतुनाशकाची बाटली आणून दिली. कॉलेजात जाणाऱ्या चिरंजीवांना बोक्याचे कान गरम लागले, म्हणून त्यांनी तापाची अर्धी गोळी दुधातून द्यायचा बेत केला. यजमान म्हणाले, "मांजर आपलं आपण चाटून बरं होते, तू काऊन जीव टाकतेस?" आणि बाईंना ढोरांच्या दवाखान्यात मांजर घेऊन जायची लाज वाटत होती, लोक हसतील म्हणून. घरच्या घरी काय करता येईल, आणि कुठवर करता येईल, एवढेच त्यांना विचारायचे आहे.

प्रश्नाचा दुसरा भाग त्यांनी विचारला याचे मला फार बरे वाटले. घरगुती उपाय विचारणारे पुष्कळ असतात, तो कुठे थांबवायचा हे विचारणारे थोडे. त्यांना टपालाची वाट न पाहता लगेच कळवले ते एकच वाक्य होते: ती गोळी देऊ नका. बाकीचे आता सविस्तर.

तापाची गोळी म्हणजे पॅरासिटामॉल. आपल्या घरात ती जिऱ्याच्या डब्याइतकी हाताशी असते. तान्ह्या बाळाला तिचे गोड औषध देतात, आजोबांना देतात, मग मांजराने काय घोडे मारले आहे? मांजराचे यकृत आपल्यासारखे नाही, एवढेच. हे औषध पोटात गेले की माणसाचे यकृत त्याला दुसऱ्या एका द्रव्याची जोड देऊन निरुपद्रवी करते आणि लघवीवाटे बाहेर घालवते. ही जोड देणारा कारागीर मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच. पिढ्यान् पिढ्या निव्वळ मांसावर जगणाऱ्या या जातीला झाडापाल्यातली विषे पचवायची वेळच आली नाही, म्हणून ती कला तिच्यातून गेली, असे शास्त्रज्ञ म्हणतात. मग ते औषध भलत्याच वाटेने जाते आणि रक्तावर घाला घालते. रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते. हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, लाळ गळते, श्वास लागतो. चार किलोच्या बोक्याला 500 मिलिग्रॅमची एक गोळी प्राण घ्यायला पुरी आहे, आणि अर्धीनेही तो जाऊ शकतो. चुकून कोणी दिलीच असेल, तर "बघू उद्या सकाळी" म्हणू नये. यावर अ‍ॅसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे. पण तो काही तासांच्या आत पोटात किंवा रक्तात गेला तर उपयोग. ॲस्पिरिन आणि अंगदुखीच्या इतर गोळ्यांचीही मांजराच्या बाबतीत हीच गत. मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर वाहावे लागते, अशी आपल्याकडे समजूत आहे. सोन्याचे आजचे भाव पाहता एवढ्या कारणासाठी तरी गोळ्यांची पट्टी कपाटात बंद ठेवावी.

काकूंची बाटली याच माळेतली. पाण्यात थेंब टाकताच पाणी दुधासारखे पांढरे करणारी ही जंतुनाशके आणि फरशी पुसायचे फिनेल यांतली द्रव्ये त्याच यकृताला जड जातात. शिवाय जखमेवर लावलेले प्रत्येक औषध मांजर जिभेने पोटात घेते, हे विसरून चालत नाही. माणसाच्या मलमावर 'फक्त बाहेरून लावण्यासाठी' असे छापलेले असते. मांजराला ते वाचता येत नाही. दिवाळीच्या साफसफाईत तर याची आठवण ठेवायलाच हवी. फिनेलने फरशी पुसली की ती कोरडी होईपर्यंत मांजराला दुसऱ्या खोलीत ठेवा, कारण ओल्या फरशीवरून गेलेले पंजे ते मग आरामात बसून चाटते. गाद्या-रजयांतल्या डांबराच्या गोळ्या आणि देवघरातला कापूर यांनाही त्याच्या वाटेतून दूर ठेवावे.

हळदीबद्दल लिहिताना मला जरा जपून लिहावे लागते, कारण हळदीला नाव ठेवले की पुढच्या आठवड्यात पत्रांचा पाऊस पडतो. हळद विष नाही. हळदीतल्या द्रव्याचे गुण प्रयोगशाळांतही पाहिले गेले आहेत. पण आपल्या डब्यातली हळद म्हणजे दळताना, साठवताना, चमच्यामागून चमचे घालताना धूळ आणि जंतू घेतलेली पूड. ती ओल्या जखमेवर दाबली की वर छान पिवळी खपली धरते. वरून पाहणाऱ्याला समाधान, आणि खपलीखाली पू कोंडलेला. खालच्या कातडीचा रंग लाल की काळा हेही मग दिसत नाही. चुना तर कातडी भाजतो. रक्त थांबवायला काही घरांत जखमेवर तंबाखू दाबतात. चाटल्यावर ते सरळ विष आहे. स्पिरिट आणि टिंक्चर आयोडिनने आग होते, आणि एकदा आग झाली की मांजर दुसऱ्यांदा हाती लागत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून जखम साफ होते आहे असे वाटते खरे, पण त्या फेसात जंतूंबरोबर नव्याने भरू पाहणारे मांसही मरते.

आता गालगुंडाकडे वळू. बोक्याला गालगुंड झालेले नाही. तीन दिवस बाहेर, परत आल्यावर एका बाजूची गरम, दुखरी सूज आणि अंगात ताप, या सगळ्याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो: दुसऱ्या बोक्याचा दात. मांजराचा सुळा दाभणासारखा बारीक आणि लांब असतो. तो कातडीतून आत जातो, आतल्या मांसात तोंडातले जंतू सोडतो आणि बाहेर येतो. मांजराची कातडी सैल आणि लवचिक, त्यामुळे वरचे भोक लगेच मिटते. केसांत शोधूनही सापडत नाही. आत मात्र जंतूंना उबदार बंद खोली मिळते, आणि दोन ते चार दिवसांत तिथे पू साठतो. त्या जंतूंपैकी एकाचे नाव पाश्चुरेला. लुई पाश्चर यांच्या नावावरून ते ठेवलेले आहे. त्यांचे नाव पुढे आणखी एकदा यायचे आहे.

गळू कुठे आले यावरून बोक्याची कुंडलीही मांडता येते. समोरासमोर भिडणाऱ्याला चावा गालावर, मानेवर किंवा पुढच्या पायावर बसतो. पाठ दाखवून पळणाऱ्याला शेपटीच्या बुडाशी. सावनेरचा बोका शूर निघाला, एवढे त्या भगिनीने यजमानांना खुशाल सांगावे. गालाची सूज कधी कधी किडलेल्या दातामुळे किंवा गांधीलमाशीच्या डंखानेही येते. तेव्हा तोंड उघडून दाढांकडे एक नजर टाकावी. पण बोका उघडू देत असेल तरच. हट्ट करू नये.

घरी काय करायचे? पहिली गोष्ट, त्याला धरायचे कसे. मानगूट पकडून, एकाने पाय, एकाने शेपटी, असा दंगा केलात तर बोक्याची जखम राहील बाजूला आणि तुमचीच पट्टी करावी लागेल. एक जाडसर टॉवेल घ्या आणि बाळंतिणीची खोली आठवा. तान्ह्या बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसे चारही पाय आत घेऊन त्याला घट्ट पण श्वास मोकळा राहील असे गुंडाळायचे, डोके तेवढे बाहेर. खोलीचे दार लावून घ्या, पंखा बंद करा, पोरांना बाहेर काढा. दोन माणसे पुरेत. एकाने धरायचे आणि हळू आवाजात बोलत राहायचे. हातात रबरी मोजे असलेले बरे. ते का, ते शेवटी सांगते.

दुसरी गोष्ट, मिठाचे पाणी. अर्धा लिटर पाणी खळखळून उकळायचे, त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ घालायचे आणि कोमट होऊ द्यायचे. सपाट म्हणजे सपाट. लोणच्याच्या अंदाजाने घालू नये. हे पाणी जवळजवळ रक्ताइतकेच खारट होते, म्हणून झोंबत नाही. रोज ताजे करायचे. डॉक्टरांकडे जाईपर्यंत घरात कुठले 'औषध' असावे असे कोणी विचारले, तर मी हेच एक नाव सांगेन.

गळू अजून फुटलेले नसेल, तर या कोमट पाण्यात स्वच्छ फडके भिजवून, पिळून, पाच-दहा मिनिटे त्यावर धरावे. दिवसातून तीन-चार वेळा. फडके आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावे; तिथे सोसवेल तेच बोक्याला सोसवते. दाबायचे नाही, पिळायचे नाही, आणि ब्लेड किंवा तापवलेली सुई घेऊन घरात शस्त्रक्रिया तर मुळीच नाही. दाबलेला पू बाहेर येण्याऐवजी आत पसरतो. गालाजवळून नसा आणि रक्तवाहिन्या जातात. तिथे हात चालवायला शिकलेला माणूस हवा.

पुष्कळदा शेकाने किंवा आपोआपच गळू फुटते. त्या वेळी जो वास सुटतो त्याने घरातली धीट माणसेही खोलीबाहेर जातात. पिवळट, कधी लालसर पू येतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की आता संपले. खरे म्हणजे बोक्याला तेव्हाच पहिल्यांदा हायसे वाटते. कित्येक मांजरे त्याच संध्याकाळी ताटलीकडे वळतात. भोवतालचे केस चिकटलेले असतील तर ओल्या फडक्याने सोडवावेत. कापायचेच झाले तर कातडीला टेकवून आधी कंगवा सरकवावा आणि कंगव्यावर आलेले केसच कात्रीने कापावेत. मांजराची कातडी केसांबरोबर वर उचलली जाते आणि कात्रीत सापडते. मग सुई काढून टाकलेल्या 20 मिलिलिटरच्या सिरिंजने मिठाचे पाणी हळूहळू त्या भोकातून सोडायचे. आत गेलेले पाणी स्वच्छ होऊन बाहेर येईपर्यंत. सकाळ-संध्याकाळ.

यावर पट्टी बांधू नका. हे पुष्कळांना पटत नाही, कारण पट्टी बांधली की काहीतरी केल्यासारखे वाटते. पण गळवाची जखम तळापासून भरत वर यायला हवी. वरचे तोंड आधी मिटले की आत पुन्हा तीच बंद खोली, पुन्हा पू. म्हणून वर धरलेली खपली पहिले काही दिवस कोमट फडक्याने मऊ करून काढत राहावे. आणि घाई करू नये. मांजराची जखम कुत्र्यापेक्षा सावकाश जुळते. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत टाके घातलेली जखम सातव्या दिवशी मांजरात कुत्र्याच्या निम्म्याच ताकदीने जुळलेली आढळली. तेव्हा "शेजारच्या मोत्याची आठ दिवसांत भरली होती" हा हिशेब इथे लावता येत नाही.

आता यजमानांचे चाटून बरे होणे. लाळेत थोडेफार जंतू मारण्याचा गुण आहे हे खरे. पण त्याच तोंडात पाश्चुरेलाही आहे, आणि मांजराची जीभ काथ्याच्या ब्रशासारखी खरखरीत. बारीकशा ओरखड्याला चाटणे चालून जाते. उघड्या जखमेवर मात्र ती जीभ रात्रभर चालली, तर नव्याने आलेले मांस सकाळी खरडून गेलेले असते. म्हणून गळ्यात कॉलर हवी. दुकानात प्लास्टिकची मिळते. गावात न मिळाली तर साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची किंवा जुन्या एक्सरेच्या फिल्मची घरी करता येते. नरसाळ्याचा आकार, उंची नाकाच्या टोकाच्या थोडी पुढे जाईल इतकी, गळ्याशी दोन बोटे शिरतील एवढी ढिली, आणि आतल्या कडेला मऊ सुती पट्टी शिवलेली. पहिला दिवस बोका उलटा चालतो, भिंतीला धडकतो, आणि घरातल्या प्रत्येकाला त्याची दया येऊन ती काढून टाकावीशी वाटते. खाताना समोर बसून काढावी आणि लगेच घालावी. गालाची जखम तो चाटू शकत नाही, पण मागच्या पायाने खाजवतो. त्यालाही ही कॉलरच अडवते. जखम पोटा-पाठीवर असेल, तर बाळाचे जुने झबले चार पायांना भोके पाडून घालता येते. झबल्यातला बोका पाहून हसू आले तर हसावे; तेवढी करमणूक त्याने आपल्यावर उधार ठेवलेलीच असते.

इथपर्यंत घर. आता थांबायचे कुठे?

गळू मोठे असेल, किंवा ताप असेल, तर शेकाबरोबरच डॉक्टरची तयारी करावी. कारण चाव्याच्या गळवाला बहुधा जंतुविरोधी औषध लागते, आणि ते आपल्या मागच्या आजारातले उरलेले नव्हे. मांजराचा नेहमीचा ताप साधारण 100.5 ते 102.5 अंश फॅरनहाइट असतो, म्हणजे आपल्याहून जास्त. त्यामुळे कान गरम लागले एवढ्यावरून निदान करता येत नाही. माझ्या मते खाण्यावरून ओळखणे सोपे. चोवीस तास काहीच खाल्ले नाही, तर पंचविसावा तास घरात काढू नये. मांजर, त्यातही लठ्ठ मांजर, काही दिवस उपाशी राहिले की अंगातली चरबी यकृतात जाऊन साठते, आणि मूळ जखमेपेक्षा हे दुखणे भारी पडते. जखमेच्या कडा फाकल्या असतील तर पहिल्या काही तासांतच न्यावे, टाके घालायची वेळ तीच. डोळ्याजवळची, छातीवरची, पोटावरची आणि सांध्यावरची जखम घरी ठेवायची नाही. दहा मिनिटे स्वच्छ कापड दाबून धरूनही रक्त थांबत नसेल, तरीही तेच.

आणि अळ्या. पावसाळ्यात आणि उकाड्यात उघड्या जखमेवर माशी बसते, अंडी घालते, आणि दिवसाभरात अळ्या पडतात. ढोरांच्या जखमेत अळ्या पडल्या की आपल्याकडे सीताफळाचा पाला वाटून घालतात, टर्पेंटाइन घालतात, कोणी रॉकेल ओततो. बैलाच्या चार-पाचशे किलोंना जे सोसते ते चार किलोच्या जिवाला सोसत नाही. शिवाय बैल पाठ चाटून पोटात घेत नाही. दिसतील तेवढ्या अळ्या चिमट्याने काढाव्यात, मिठाच्या पाण्याने धुवावे, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. आत किती आहेत हे वरून कळत नाही.

ढोरांच्या दवाखान्यात जायची लाज? तिथला डॉक्टर दिवसभर गाई-म्हशींना हात लावतो म्हणून त्याला मांजर कळत नाही असे नाही. त्याच्या शिक्षणात मांजरही होते. फार तर तो म्हणेल की या जखमेला भूल देऊन साफ करायला हवे, नागपूरला न्या. नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय 1958 पासूनचे, सेमिनरी हिल्सवर आहे. 2000 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे ते घटक आहे, आणि तिथे लहान प्राण्यांवरही उपचार होतात. सावनेरहून वाट पस्तीस-चाळीस किलोमीटरची. आपण संत्री विकायला जातो त्याच वाटेने बोका नेला तर कोण हसणार आहे? आणि हसले तर त्यांच्या घरी उंदीर होवोत.

एक लहानसा इशारा. जखम नसून केस गेलेला वाटोळा, कोंडा धरलेला चट्टा असेल तर ते गजकर्ण असू शकते. तो बुरशीचा रोग आहे. मांजरापासून मुलांना लगेच लागतो. अशा मांजराला पोरांच्या अंथरुणात घेऊ नये. आणि घरात पडलेले कुठलेसे खाजेचे मलम चोळू नये. त्यातल्या कित्येकांत स्टेरॉइड असते, त्याने खाज थांबते आणि बुरशी फोफावते.

दिवाळीचे चार दिवस मांजराला घरातच, शक्यतो आतल्या खोलीत ठेवा. फटाक्याने बिथरलेले मांजर कुठल्या पत्र्यावरून उडी घेईल सांगता येत नाही. पणतीने किंवा फुलबाजीने भाजले, तर भाजलेल्या जागी दहा-वीस मिनिटे साधे गार पाणी सोडावे, बाकीचे अंग कोरडे आणि उबदार ठेवावे. बर्फ नको, तूप नको, टूथपेस्ट नको. मग दवाखाना.

आता मोज्यांचे कारण. दुखऱ्या जागी हात लागला की लाडका बोकाही चावतो. तसाच चावा मांजराच्या दाताने आपल्या हाताला बसला, की तेच दाभणासारखे भोक, तेच जंतू, आणि बारा-चोवीस तासांत सुजलेली बोटे. पण त्याहून मोठी भीती पिसाळण्याची. तीन दिवस बाहेर राहिलेल्या बोक्याला कोण चावले हे आपण पाहिलेले नसते. बोका असेल, कुत्रा असेल, आणखी काही असेल. तेव्हा चावा किंवा रक्त काढणारा ओरखडा बसला, तर वाहत्या नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटे घड्याळ लावून धुवावे. मिरची, चुना, हळद काही भरू नये. आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून रेबीजची लस आणि धनुर्वाताचे इंजेक्शन यांबद्दल डॉक्टर सांगतील ते करावे. लुई पाश्चर यांनी 6 जुलै 1885 रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या, कुत्रा चावलेल्या मुलाला पहिल्यांदा ही लस टोचली आणि तो वाचला. आपल्या आजोबांच्या पिढीने या लशीची चौदा इंजेक्शने पोटात घेतली. त्या धास्तीने आजही लोक टाळतात. आता ती पोटात देत नाहीत. दंडात, चार-पाच फेऱ्यांत काम होते, आणि सरकारी दवाखान्यांत ती मोफत मिळते. पिसाळण्याची लक्षणे एकदा दिसू लागली की मात्र उपाय जवळजवळ उरत नाही. बोक्यालाही तीन महिन्यांचा झाल्यापासून ही लस देता येते. नंतर डॉक्टर सांगतील तशी पुन्हा.

पत्राच्या शेवटी ताजा कलम आहे: "हा पुन्हा भांडायला जाऊ नये म्हणून काही उपाय आहे का?" आहे. त्याची नसबंदी. बोक्याचे हिंडणे, भांडणे आणि भिंतींवर फवारे मारणे त्याने पुष्कळ कमी होते. पाच-सहा महिन्यांनंतर करता येते, मोठ्या बोक्यालाही चालते. पण गालाची जखम पुरती भरल्यावरच. ऑपरेशनच्या दिवशी किती तास उपाशी ठेवायचे ते आदल्या दिवशी विचारून घ्यावे. आणि नेताना पिशवीत कोंबून नेऊ नये. संत्र्याची रिकामी पेटी तुमच्याकडे असेलच. बाजूंना भोके पाडा, तळाशी जुने गोणपाट घाला आणि वरून सुतळीने बांधा. संत्र्याच्या सालीचा वास मांजरांना आवडत नाही, तेव्हा ती पेटी आधी दोन दिवस उन्हात ठेवा.